भडंगाच्या भट्टीला पांढरा कोळसा: परवडतो, पण पोतं उघडून बघा

सगळं वाचायला वेळ नसेल त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकते. तळणीची भट्टी असेल, रोज चार-सहा तास सलग जाळ लागत असेल आणि माल ठेवायला कोरडी जागा असेल, तर पांढरा कोळसा, म्हणजे शेतातलं भुसकट-भुसा दाबून केलेली जळणाची कांडी (ब्रिकेट), जरूर घ्या. दिवसातून दोनदा कढई चढवणाऱ्यानं याच्या नादी लागू नये, त्याला सिलिंडरच बरा. आणि पावसाळ्यात ज्याच्या गाळ्यात पाणी शिरतं त्यानं दहादा विचार करावा. आता सविस्तर.

आमचा सांगलीत भडंग आणि फरसाणाचा धंदा आहे, सासऱ्यांनी सुरू केलेला. त्यांच्या काळात वखारीतून बाभळीची लाकडं यायची. मधे काही वर्षं डिझेलचा बर्नर होता, त्याचा आवाज असा की मुलांचा अभ्यास व्हायचा नाही, आणि शेवेला वास लागला तर गिऱ्हाईक तोंडावर सांगायचं. मग १९ किलोचे सिलिंडर आले. त्यांना नाव ठेवायला जागा नाही, भाव सोडला तर. दिवाळीच्या आधीचा महिना सगळी कमाई गॅसवाल्याच्या हातात ठेवायची, असं चाललेलं.

तेव्हा मिरजेच्या बाजूच्या एका ब्रिकेटवाल्याचा माणूस नमुन्याचं पोतं घेऊन आला. त्याचं बोलणं मला पाठ झालंय: "वहिनी, हा शेतातला कचरा आहे, झाडं तुटत नाहीत, आणि सरकारपण हेच जाळा म्हणतंय." तिन्ही गोष्टी खऱ्या, पण अर्ध्याच. त्यावर पुढे येते.

माल कसा असतो ते आधी. सोयाबीनचं भुसकट, शेंगांची टरफलं, लाकडाचा भुसा, बगॅस (रस काढल्यावर उरणारं उसाचं चिपाड), उसाचं पाचट (वाळलेली पानं) असलं काहीबाही वाळवून, बारीक करून यंत्रात दाबतात. त्यात डिंक, मळी काही घालत नाहीत. दाबताना माल तापतो, झाडापाल्यातच असणारं लिग्निन मऊ होतं आणि तेच सगळं धरून ठेवतं. बाहेर पडते ती तपकिरी कांडी, ९० मिलिमीटर जाडीची. ६० ची पण मिळते.

भट्टी मात्र वेगळी करून घ्यावी लागते. जुन्या लाकडाच्या भट्टीत कांडी टाकली तर नुसती धुमसते. आम्ही कुपवाडच्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतली: आतून अग्निविटा, खाली बिडाची जाळी, बाजूनं ब्लोअर आणि वर पत्र्याच्या बाहेर जाणारी चिमणी. हा माणूस कामाचा निघाला. मोजमाप घ्यायला स्वतः आला, आमच्या कढईचा बूड बघून तोंडाचा व्यास ठरवला. फलटणच्या निंबकर शेती संशोधन संस्थेनं नव्वदच्या दशकातच उसाच्या पाल्यावर आणि बगॅसवर चालणारा गॅसिफायर करून दाखवला होता, हे मला त्याच्याकडूनच कळलं. म्हणजे पाल्याचा आधी गॅस करायचा आणि मग तो जाळायचा. मी म्हटलं, मग तसाच दे की. तर म्हणे, तो चालवायला तुमच्या आचाऱ्याच्या जोडीला एक इंजिनियर ठेवावा लागेल.

आता हिशेब. एक किलो एलपीजीत ११ हजार किलोकॅलरीच्या वर उष्णता असते, चांगल्या कोरड्या कांडीत ३,५०० ते ४,०००. म्हणजे कागदावर तीन किलो कांडीत एक किलो गॅसचं काम व्हायला पाहिजे. तसं होत नाही. भट्टी कढईला देते त्यापेक्षा जास्त ऊब भिंतींना आणि चिमणीला देते. आमच्याकडे हे प्रमाण पाचाच्या आसपास बसतं, एका सिलिंडरच्या कामाला नव्वद-पंचाण्णव किलो. कांडी आठ रुपये किलोनं पडली तर साडेसातशेच्या घरात, आणि सिलिंडर दीड हजाराच्या पुढे. फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. ब्लोअरचं लाईटबिल किरकोळ.

पण या हिशेबात मामांची मेहनत धरलेली नाही. मामा म्हणजे आमचे भट्टीवरचे आचारी, सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. पहाटे लवकर येऊन भट्टी पेटवायची, कढई तापून पहिला घाणा पडेपर्यंत पाऊण तास जातो. संध्याकाळी राख काढायची. आणि जाळ आपल्या हातात नसतो. गॅसची चावी फिरवली की जाळ लगेच बसतो. इथं कांडी टाकली की पाच-सात मिनिटांनी जाळ वाढतो, आणि वाढला की ब्लोअर बंद केला तरी निखाऱ्याची धग उतरत नाही. शेव, पापडी, गाठी यांना चालतं, तेल भरपूर असतं, ते सांभाळून घेतं. भडंगाच्या फोडणीला अजिबात चालत नाही. तिथं लसूण ठेचलेला, शेंगदाणे, कढीपत्ता, मग तिखट आणि हळद, सगळा खेळ मिनिटभराचा. लसणाची कड काळी पडली की अख्खा घाणा कडू, आणि तो कडूपणा चुरमुऱ्याच्या प्रत्येक दाण्याला लागतो, पिठीसाखर वाढवून झाकला जात नाही. त्यामुळे भडंगाची फोडणी आमच्याकडे अजून गॅसवरच होते. कुणी शंभर टक्के पांढऱ्या कोळशावर भडंग करतो असं सांगत असेल तर त्याचा भडंग खाऊन बघायला मला आवडेल.

धूर पेटवताना होतो, पहिली दहा-पंधरा मिनिटं. एकदा जाळ धरला की चिमणीतून जवळजवळ काही दिसत नाही. शेजारच्या टेलरनं सुरुवातीला कुरकुर केली, चिमणी उंच केल्यावर गप्प बसला. लाईट गेली मात्र की तमाशा. ब्लोअर थांबतो, जाळ बसतो आणि धूर उलटा गाळ्यात. ब्लोअर इन्व्हर्टरला जोडून घ्या, हा खर्च भट्टीच्या किमतीतच धरा.

आता खरा मुद्दा, पोत्यात काय असतं. पुरवठादार "ॲग्रो वेस्ट" एवढंच सांगतात. मला कळायची एक सोपी युक्ती सापडली. एक कांडी बादलीभर पाण्यात टाकून रात्रभर ठेवायची. कुठलीही कांडी असो, सकाळी ती फुगून, सुटून, पाण्यात मिसळलेली असते. मग हळूच वरचं पाणी ओतायचं. वर तरंगतात ते पांढरट लांब धागे बगॅसचे. सोयाबीनच्या शेंगांची सालं ओळखू येतात, त्यांना लव असते. टरफलांचे तुकडे जाळीदार दिसतात. लाकडाचा भुसा पिवळसर, एकसारखा. आणि बादलीच्या तळाला बसते ती माती. चांगल्या मालात बोटाला लागेल इतकी. वाईट मालात मूठभर. ती माती आपण आठ रुपये किलोनं घेतलेली असते आणि संध्याकाळी राखेत परत काढायची असते.

पाचट जास्त असलं की आणखी एक त्रास. उसाच्या पानात सिलिका भरपूर, जोडीला पोटॅश, ते तापून वितळतं आणि बिडाच्या जाळीवर काळा खडा धरतो. मग वारा अडतो, जाळ मरतो, आणि मामा सळई घेऊन ठोकत बसतात. टरफलाची किंवा भुशाची कांडी असली की हा त्रास जवळपास नाही.

एकदा बादलीत जवळजवळ नुसतं लाकूड निघालं, तेही ओलसर वासाचं, निलगिरीचं. सॉ-मिलचा भुसा असेल तर माझी हरकत नाही, तो पडूनच राहणार. पण हे फांद्या दळून केलेलं दिसत होतं. झाडं तुटत नाहीत म्हणणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "वहिनी, कच्चा माल मिळतच नाही, काय करणार?" ही गोष्ट मात्र खरी आहे, आणि ती का खरी आहे हे मला माहेरी गेल्यावर नीट कळलं.

माहेर वाळवा तालुक्यात, भावाचा ऊस असतो. गाळपाच्या हंगामात बेलर घेऊन माणसं येतात, रानातलं पाचट गठ्ठे बांधून नेतात, वर चार पैसे देतात. पूर्वी हेच पाचट लोक पेटवून द्यायचे. हेक्टरी आठ-दहा टन निघतं, संध्याकाळी गावभर काजळी उडायची, वाळत घातलेली धुणी काळी. त्यामानानं ते कांडी होऊन माझ्या भट्टीत आलं तर बरंच की. पण माझा भाऊ जाळणाऱ्यांतला नाही. तो खोडव्यात (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या उसात) एक सरी सोडून एक सरीत पाचट दाबतो. त्याचं म्हणणं, त्यामुळे उन्हाळ्यात एखाद-दुसरी पाण्याची पाळी वाचते, तण कमी येतं आणि रानात गांडूळ दिसतात. आमच्याकडे नदीकाठची कितीतरी जमीन क्षारपड झाली आहे, पाणी आणि खत मारून मारून. तिथं सेंद्रिय कर्ब वाढवायला शेतकऱ्याच्या हातात स्वस्तातलं असं पाचटच असतं. भाऊ म्हणाला, "ताई, तुझ्या भट्टीसाठी माझं रान उघडं करू का?" मला उत्तर सुचलं नाही. राख देते म्हटलं, तर तीही नको म्हणाला. राख खारी असते, खाऱ्या रानात आणखी खार कशाला.

बगॅस तर बाहेर येतच नाही म्हणा. उसाच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास बगॅस निघतो, पण साखर कारखाने तो स्वतःच्याच बॉयलरला घालतात आणि वीज करून विकतात. त्यात वावगं काही नाही, कारखान्याच्या आवारातच कोरडं जळण तयार असताना कोळसा कोण आणेल? पण मग ब्रिकेटवाल्याला राहतं काय, तर भुसकट, टरफलं आणि पाचट. आणि तिथंही आता मोठी गिऱ्हाइकं आलीत. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं धोरण काढलं की कोळशावरच्या वीज केंद्रांनी कोळशात ५ टक्के बायोमास पेलेट (काडीकचरा दाबून केलेल्या गोळ्या) मिसळावेत, पुढे ते ७ टक्क्यांवर न्यावं. कारण होतं पंजाब-हरियाणातल्या शेतात जाळला जाणारा पेंढा. धोरण चुकीचं म्हणणार नाही. पण मागणी एकदा वाढली की ती पंजाबपुरती थांबत नाही. जवळ इचलकरंजीच्या कापड प्रोसेसवाल्यांचे बॉयलर आहेतच. टनानं उचलणारा दारात उभा राहिला की पोत्यानं घेणाऱ्याच्या वाट्याला उरलेलं येतं, मातीसकट.

म्हणून "कचऱ्यापासून इंधन" हे मी आता डोळे झाकून मानत नाही. जे भुसकट गायीनं खाल्लं असतं किंवा उकिरड्यात कुजून खत झालं असतं, ते कचरा कसं? जे पेटवलंच जाणार होतं ते भट्टीत घातलं तर फायदा, बाकी सगळं तपासून घ्यावं. गोबरगॅसचं बरं असतं, गॅसही मिळतो आणि स्लरी परत रानात जाते. कांडीत तसं काही परत जात नाही, राखेतलं थोडं पोटॅश सोडलं तर.

तरीही एक सांगते, पेट्रोलमधल्या इथेनॉलपेक्षा मला ही कांडी जास्त पटते. आमची माल पोचवायची दुचाकी आता २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर पळते, सगळ्यांचीच पळते. ॲव्हरेज थोडं कमी झालंय असं पोरगा म्हणतो, ते होणारच, लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. मला खटकतं ते पाणी. नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात आहे की उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. आपल्याच जिल्ह्यात जत-आटपाडीकडे पाणी पोचवायला म्हैसाळ, टेंभूच्या योजना कृष्णेचं पाणी पंपांनी चढवतात, त्याच्या वीजबिलावरून दरवर्षी बोंब असते. अशा पाण्यावर वाढलेल्या उसाचा थेट रस काढून तो गाडीत घालायचा? एक टन उसाच्या रसापासून सत्तरेक लिटर इथेनॉल होतं, साखर काढून झाल्यावर उरणाऱ्या शेवटच्या मळीपासून दहा-अकरा लिटर. मळीचं मला पटतं, रसाचं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी झाला म्हणून केंद्रानं रसापासूनच्या इथेनॉलवर बंधन घातलं, पुढच्या ऑगस्टमध्ये उठवलं. म्हणजे पावसावर टांगलेलं इंधन.

भावाला हे पटत नाही. इथेनॉलमुळे कारखान्यांकडे पैसा खेळतो आणि उसाचं बिल वेळेवर होतं, हे त्याचं म्हणणं, आणि बिल थकलेली वर्षं मी त्या घरात काढली आहेत, त्यामुळे मी फार वाद घालत नाही. फलटणच्या त्याच संस्थेनं 'मधुरा' नावाची गोड धाटाची ज्वारी काढली होती. कणसातलं धान्य खायला, धाटाच्या रसाचं अल्कोहोल, चिपाड जनावरांना, पाणी उसापेक्षा कितीतरी कमी. ते अल्कोहोल पाणी मिसळलेलं असलं तरी जळेल असा स्टोव्हसुद्धा त्यांनी केला. फोडणीसाठी असा स्टोव्ह बाजारात मिळाला तर मी पहिली गिऱ्हाईक.

आता पुरवठादाराची सेवा. गाडी वेळेवर येते, माल उतरवून देतात, उधारी महिन्याची. इथपर्यंत उत्तम. गडबड पावसाळ्यात. जुलैत आलेली एक गाडी अशी की कांडी हातानं मोडली तर खट् असा आवाजच नाही, केळ्यासारखी वाकून तुटली. चांगल्या कांडीचं बाहेरचं साल गडद, गुळगुळीत, जरा भाजल्यासारखं असतं, हिला ते नव्हतंच. मामांनी दोन पोती जाळून बघितली, डोळ्यांतून पाणी, कढई तापेना. फोन केला, तर वजनकाट्याची पावती पाठवली. पावती खरी होती, पाणी धरून. बरीच वादावादी झाल्यावर अर्धे पैसे कमी केले, तेही "तुमच्यासाठी म्हणून." तेव्हापासून मी लाकडाचा ओलावा मोजायचं पिनांचं छोटं मीटर घेऊन ठेवलंय. गाडीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या पोत्यातली एकेक कांडी मोडून आत पिना टोचायच्या. १२ टक्क्यांच्या वर दाखवलं की गाडी परत. ड्रायव्हर दादा तोंड वाकडं करतात, पण आता गाडी भरतानाच तिकडे सांगतात, "ही वहिनींची आहे, नीट बघून भर."

साठवणुकीचं सांगायला सांगलीकराला वेगळं नको. आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे इथं शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी बघितला त्यांना पोती जमिनीवर रचायला सांगावं लागत नाही. पाण्यातून निघालेलं सिलिंडर एजन्सीकडून तपासून तरी घेता येतं, कांडी एकदा भिजली की तिचं खतच. पुरापर्यंत कशाला जायचं, नुसत्या दमट हवेनंही पंधरवड्यात टोकं भुसभुशीत होतात. आम्ही लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब आणि वर ताडपत्री असा साठा करतो. जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यापुरताच माल, बाकी सगळं गॅसवर.

घ्यायचा विचार असेल तर भाव नोव्हेंबर-डिसेंबरात करा. सोयाबीनच्या मळण्या उरकलेल्या असतात, भुसकट ताजं आणि कोरडं असतं, आणि ब्रिकेटवाल्यालाही जागा मोकळी करायची असते. आम्ही तेव्हा उन्हाळ्यापर्यंतचा माल भरतो. दिवाळीच्या ऑर्डरींसाठी मात्र ब्रिकेटवाल्याच्या जुन्या साठ्यातला माल घ्यावा लागतो, तेव्हा मीटर बरोबर ठेवा. करार करताना "पाचट किती टक्के" हे विचाराच, निदान तो माणूस किती वेळ गप्प बसतो ते कळतं. मी आता टरफल आणि भुसकटाचाच माल मागते, किलोला रुपया-सव्वा रुपया जास्त देऊन. आणि खानावळीच्या, वडापावच्या लहान भट्टीला ६० मिलिमीटरचीच कांडी घ्या. ९० ची आडवी बसत नाही, मग आचारी सकाळी कोयत्यानं तोडत बसतो आणि निम्मा भुगा जमिनीवर.